पंधरा वर्षांची गाडी आणि ओसाकाचं पासिंग

जपानात राहणारा मराठी माणूस सुट्टीत घरी गेला की त्याला तीन प्रश्न ठरलेले असतात. भूकंप झाला की काय करता? कच्चे मासे खाता का? आणि तिसरा, "तिकडे म्हणे तीन-चार वर्षांत गाडी फेकून देतात. जुनी गाडी ठेवायला सरकारची बंदीच आहे ना?" हा तिसरा प्रश्न विचारणारे बहुधा एखादे काका किंवा मामा असतात आणि त्यांची स्वतःची गाडी अठरा वर्षांची असते. प्रश्नात थोडी हळहळ असते, थोडा हेवा असतो, आणि "आमची बघ अजून कशी पळतेय" हा अभिमानही असतो.

तर मंडळी, आधी उत्तर देऊन टाकतो. बंदी नाही. मी ओसाकाच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. पीएचडी इथेच केली आणि मग इथल्याच एका कंपनीच्या संशोधन विभागात चिकटलो. माझ्याकडे २०१० सालची, तेराशे सीसीची छोटी हॅचबॅक आहे. सेकंडहँड घेतलेली. पंधरा वर्षं उलटली तरी एका किल्लीत सुरू होते, लिटरला पंधरा किलोमीटर देते आणि पावसाळ्यात गळत नाही. कुणी अडवलेलं नाही.

पण जुन्या गाडीचा खर्च इथे होतो कुठे, ते बघण्यासारखं आहे. माझा वर्षाचा हिशोब ढोबळमानाने असा :

जागेचं भाडं (महिना ११,००० येन) : १,३२,००० येन
पेट्रोल (वर्षाला सुमारे ५,००० किलोमीटर) : ५७,००० येन
ऐच्छिक विमा : ४२,००० येन
ऑइल, टायर, ब्रेकपॅड, बॅटरी आणि इतर दुरुस्ती, सरासरी : ४०,००० येन
वार्षिक गाडीकर : ३९,६०० येन
दर दोन वर्षांनी येणाऱ्या पासिंगचा सरकारी खर्च, एका वर्षाचा वाटा : २७,००० येन

बेरीज झाली ३,३७,६०० येन. एक येन म्हणजे साठ पैसे धरले तर दोन लाख रुपयांच्या आसपास. यात गाडीच्या यंत्रावर म्हणजे गॅरेजवर होणारा खर्च बघा, जेमतेम आठवा हिस्सा! पेट्रोल सोडलं तर बाकीचा सगळा पैसा गाडी उभी करण्यावर आणि कागदांवर जातो. आपल्याकडे जुनी गाडी माणसाला मिस्त्रीच्या दारात नेते. इथे ती कायद्याच्या दारात नेते. आणि या यादीतल्या जवळपास प्रत्येक सरकारी ओळीला एक सन आहे आणि त्या सनामागे एक हकीकत आहे. त्यातल्या बऱ्याच हकीकती या ओसाकाच्या आसपासच्याच आहेत, म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवात पासिंगपासून करू. जपानी भाषेत त्याला 'शाकेन' म्हणतात. शब्दशः अर्थ वाहनतपासणी, पण आपला 'पासिंग' हा शब्द त्याला अगदी चपखल बसतो.

ओसाका हे जपानच्या मोटारधंद्याचं एक जुनं घर. १९०७ साली इथल्या तांत्रिक महाविद्यालयातली प्राध्यापक मंडळी आणि व्यापारी यांनी मिळून देशी इंजिनं बनवायला एक कंपनी काढली. तीच पुढे दाइहात्सु झाली. नावातला 'दाइ' हा ओसाकाच्या पहिल्या अक्षराचाच दुसरा उच्चार, आणि 'हात्सु' हे इंजिनाला असलेल्या जपानी शब्दाचं पहिलं अक्षर. शहरात कुठेही जा, एक येन भाडं, अशी टॅक्सी १९२४ साली निघाली तीसुद्धा ओसाकातच. त्या काळात सरकारची नजर होती ती अशा भाड्याच्या गाड्यांवर. खाजगी मोटारी होत्याच मोजक्या. युद्धानंतर १९५१ साली वाहनांचा नवा कायदा आला आणि पासिंगची देशभराची चौकट बसली. १९५५ साली अपघातात दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी सक्तीचा विमा आला आणि तो पासिंगला बांधून टाकला. विमा नाही तर पासिंग नाही, पासिंग नाही तर गाडी रस्त्यावर नाही. साधा हिशोब.

यातून एक वर्ग मात्र सुटला होता, तो म्हणजे 'केई' गाड्या. अगदी छोट्या, तेव्हा ३६० सीसीपर्यंतच्या. त्यांना कर कमी आणि पासिंग नाहीच. १९५७ साली दाइहात्सुनं 'मिजेट' नावाची तीनचाकी काढली. आपल्या मालवाहू रिक्षेची चुलत बहीण म्हणा ना. सायकलवर तांदळाची पोती आणि साकेच्या बाटल्या पोचवणाऱ्या दुकानदारांनी ती डोक्यावर घेतली. गरिबाची गाडी आहे, तिला सरकारी जाच नको, असा त्यामागचा विचार. (आपल्याकडे १९८३ साली आलेली मारुती ८०० ही या केई घराण्यातलीच, फक्त इंजिन मोठं केलेली. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला 'गाडी परवडते' हे पहिल्यांदा कळलं ते या जपानी गरिबाच्या गाडीमुळे.)

मग रस्ते गाड्यांनी भरले आणि माणसं मरायला लागली. १९७० या एका वर्षात जपानात रस्ते अपघातांत १६,७६५ माणसं दगावली. हा आजवरचा उच्चांक आहे. वर्तमानपत्रं त्या काळाला 'वाहतूक युद्ध' म्हणत. त्या दबावाखाली केई गाड्यांची सूट गेली आणि १९७३ च्या ऑक्टोबरपासून त्यांनाही पासिंग लागू झालं. आता हा आकडा वर्षाला २,७०० च्या आसपास आला आहे. त्याचं सगळं श्रेय पासिंगला देता येणार नाही. सीटबेल्ट, रस्त्यांची रचना, दारू पिऊन चालवण्यावरचे कडक कायदे, तातडीचे उपचार, सगळ्यांचाच वाटा त्यात आहे. पण रस्त्यावर टक्कल पडलेल्या टायरची गाडी मला इथे क्वचितच दिसते, हेही खरं.

पासिंग म्हणजे नक्की काय तपासतात? बहुतेक लोक सरकारमान्य गॅरेजकडे गाडी सोपवतात आणि दोन दिवसांनी मोठं बिल भरून घेऊन येतात. पण मालकानं स्वतः गाडी नेली तरी चालते. मी नेतो. ओसाकाचं मुख्य केंद्र नेयागावा या उपनगरात आहे. लांबलचक शेड, त्यात एकामागे एक उभ्या गाड्या. पुढे मोठी पाटी असते. ती सांगते तसं करायचं. चाकं सरळ पकडून एका लोखंडी पाटावरून गाडी न्यायची. मीटरभर अंतरात ती ५ मिलिमीटरपेक्षा जास्त बाजूला घसरता कामा नये, म्हणजे अलाइनमेंट ठीक. मग रोलरवर ब्रेक, हँडब्रेक, स्पीडोमीटर. दिव्यांचा झोत कुठे पडतो आणि किती तेज आहे ते. सायलेन्सरमध्ये नळी खुपसून धूर. माझ्या गाडीच्या वर्गाला कार्बन मोनॉक्साइड १ टक्का, त्यावर एक अंशही चालत नाही. शेवटी गाडी खड्ड्यावर उभी करायची. खाली उभा असलेला माणूस छोट्या हातोडीनं टक् टक् करत नट, रॉड, जॉइंट तपासतो. अॅक्सलवरचं रबरी बूट जरा फाटलेलं दिसलं की नापास. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी, नापास. हेडलाइटची काच पिवळी पडून झोत मंद झाला, नापास. मग दुरुस्त करून परत या.

अर्ध्या तासाचं काम. कुणाची ओळख लागत नाही, एजंट लागत नाही, चहापाणी तर नाहीच. आणि याची फी? दोन हजार येनच्या थोडी वर! म्हणजे रुपयांत दीड हजारसुद्धा नाही. तपासणी महाग नाहीच. महाग आहे ते त्या खिडकीवर तपासणीबरोबर भरावं लागणारं बाकीचं. माझ्या गाडीला दोन वर्षांचा सक्तीचा विमा १७,६५० येन आणि वजनकर ३४,२०० येन.

वजनकर! गाडीच्या वजनावर कर, दर अर्ध्या टनाच्या पायरीनं. हा आला १९७१ साली. जड गाडी रस्ता जास्त झिजवते, तेव्हा रस्ते बांधायला तिनंच पैसे द्यावेत, असं तर्कशास्त्र होतं. इंजिनियरला पटण्यासारखं. तेव्हा देशभर रस्ते बांधण्याचा धडाका होता आणि तिजोरीला पैसा हवा होता. २००९ मध्ये रस्त्यांसाठीच पैसा राखून ठेवण्याची पद्धत बंद झाली, कर मात्र राहिला. कर एकदा आला की जात नाही, हे सगळ्या देशांना सारखंच लागू आहे.

जागेच्या भाड्यामागे १९६२ चा कायदा आहे. गाडी घ्यायची तर आधी ती ठेवायला रस्त्याबाहेर स्वतःची किंवा भाड्याची जागा दाखवावी लागते आणि तसा दाखला पोलीस ठाण्यातून आणावा लागतो. सार्वजनिक रस्ता म्हणजे तुमचं गॅरेज नव्हे, एवढंच त्या कायद्याचं म्हणणं. आधी ही जागा घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत लागायची. १९९१ साली ती मर्यादा दोन किलोमीटर केली आणि सोबत मागच्या काचेवर लावायचा स्टिकर आला. तो स्टिकर २०२५ च्या एप्रिलपासून बंद झाला, दाखला मात्र लागतोच. माझ्या खर्चातली सगळ्यात जड ओळ ही आहे आणि नेमकी हीच भरताना मला सगळ्यात कमी वाईट वाटतं. पुण्यात सदाशिव पेठेत किंवा मुंबईत गिरगावात गल्लीच्या दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाड्या आठवा. त्या जागेचं भाडं कोण भरतं? तिथून चालणारा प्रत्येक माणूस भरतो, फक्त पावती मिळत नाही.

इथपर्यंत सगळ्या गाड्या सारख्याच. नवी असो की जुनी, खर्च तोच. मग जुन्या गाडीला वेगळी वागणूक कधी सुरू झाली?

तर पासिंगची मुदत बघा. १९८३ साली नव्या खाजगी गाडीचं पहिलं पासिंग दोनऐवजी तीन वर्षांनी केलं, नंतर दर दोन वर्षांनी. पण गाडी दहा वर्षांची झाली की पुढे दरवर्षी पासिंग! काका-मामांनी ऐकलेल्या 'फेकून देतात' या गोष्टीचं मूळ मला यात दिसतं. गॅरेजवाले पासिंगला भरपूर पैसे लावत. सांगायचे शंभर, बदलायचे दोनशे, असा प्रकार सर्रास होता. दहा वर्षांच्या गाडीची बाजारात किंमत शून्य आणि दर वर्षी मोठं बिल. कोण ठेवेल? १९७० च्या दशकात जपानात मोटार सरासरी सात वर्षांच्या आसपास वापरून मोडीत जायची. चालत्या गाड्या बंदरातून बाहेर जाऊ लागल्या. आमच्यासारखीच डावीकडून गाडी चालवणारे देश त्यांची वाटच बघत होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडनं दारं उघडली आणि तिथले रस्ते जपानी सेकंडहँड गाड्यांनी भरले. मागोमाग पूर्व आफ्रिका, श्रीलंका, पाकिस्तान. केनियात किंवा श्रीलंकेत एखाद्या व्हॅनच्या दारावर अजून जपानी दुकानाचं नाव तसंच दिसतं, ते यामुळे. भारतानं जुन्या गाड्यांच्या आयातीवर जबर जकात ठेवली, म्हणून आपल्याला हे फारसं दिसलं नाही.

मग आलं १९९५ साल. त्या वर्षी अमेरिका आणि जपान यांच्यात मोटारींवरून मोठं भांडण पेटलं होतं. तुमच्या पासिंगच्या नियमांमुळे आमचे सुटे भाग तुमच्या गॅरेजमध्ये शिरत नाहीत, ही अमेरिकेच्या तक्रारींपैकी एक. जपानी महागड्या गाड्यांवर शंभर टक्के जकात लावू, अशी धमकी होती. जपानचे मंत्री हाशिमोतो यांनी अमेरिकेचे मिकी कँटर यांना बांबूची तलवार भेट दिली आणि कँटरनी ती हसत हसत त्यांच्याच गळ्याकडे रोखली, तो फोटो त्या काळी खूप गाजला होता. देशातही नियम सैल करा म्हणून ओरड होतीच. शेवटी १ जुलै १९९५ पासून दहा वर्षांवरच्या गाड्यांचं दरवर्षीचं पासिंग रद्द झालं. आधी तपासणी, दुरुस्ती मागाहून, अशी मुभाही मिळाली. जुन्या गाडीचा जाच संपला, असं वाटलं.

आणि नेमकं त्याच महिन्यात, चारच दिवसांनी, ५ जुलै १९९५ ला, ओसाकाच्या जिल्हा न्यायालयानं एक निकाल दिला.

त्यासाठी निशियोदोगावा या भागाबद्दल सांगायला हवं. ओसाकाच्या पश्चिमेला, योदो नदीपलीकडे, आमागासाकी शहराला लागून असलेला हा कारखान्यांचा आणि कामगार वस्तीचा भाग. आपल्या चेंबूरसारखा, असं म्हणता येईल. आजूबाजूच्या कारखान्यांचा धूर इथे साठायचा. १९६० च्या दशकात दम्याचे आणि श्वासाच्या विकारांचे रुग्ण हजारांनी होते. त्यात मधून राष्ट्रीय महामार्ग ४३ आणि त्याच्या डोक्यावरून हानशिन एक्सप्रेसवे, रात्रंदिवस ट्रक. १९७८ साली इथल्या रुग्णांनी दहा कंपन्यांवर आणि सोबत सरकार व एक्सप्रेसवे महामंडळावर दावा लावला. १९९१ साली कोर्टानं कंपन्यांना जबाबदार धरलं, पण रस्त्याला नाही. मार्च १९९५ मध्ये कंपन्यांशी तडजोड झाली. आणि जुलैत कोर्टानं मान्य केलं की गाड्यांच्या धुरामुळेही माणसं आजारी पडली आणि रस्ता बांधणाऱ्यांवर त्याची जबाबदारी येते. १९९८ साली सरकारशीही तडजोड झाली. दावा लावल्यापासून वीस वर्षं. तोवर अनेक फिर्यादी हयात नव्हते. तडजोडीच्या पैशातून १९९६ साली 'आओझोरा', म्हणजे निळं आकाश, नावाची संस्था उभी राहिली. ती निशियोदोगावात अजून काम करते.

आता या निकालांची माझ्या पासिंगच्या पावतीशी गाठ कशी पडते ते बघा. १९७३ साली प्रदूषणग्रस्त रुग्णांना भरपाई देण्याचा कायदा झाला होता. त्यात हवेच्या प्रदूषणातला ८० टक्के पैसा धुराड्यांच्या मालकांनी द्यायचा आणि २० टक्के वजनकरातून यायचा असं ठरलं, कारण गाडी हेही एक छोटं धुराडंच. नव्या रुग्णांची नोंद १९८८ मध्ये बंद झाली. पण ज्यांची नोंद आधी झाली होती त्यांना भरपाई अजून मिळते. नेयागावाच्या खिडकीवर मी भरलेल्या पैशातला काही अंश आजही कुणा म्हाताऱ्या आजीच्या इनहेलरला जात असेल. हे कळल्यापासून ती पावती मी जरा वेगळ्या नजरेनं बघतो.

दुसरा धागा कायद्याचा. १९९२ साली मोठ्या शहरांतल्या नायट्रोजन ऑक्साइडबद्दल खास कायदा झाला, त्यात तोक्योच्या परिसराबरोबर ओसाका आणि शेजारचं ह्योगो होतं. २००१ साली तो आणखी कडक झाला, काजळीही त्यात आली. जुन्या डिझेल ट्रक-बसांना आणि डिझेल मोटारींनाही मुदत संपल्यावर या भागात पासिंगच मिळेना. बंदी म्हणायची तर ही एकच खरी बंदी, आणि ती डिझेलच्या धुराला होती, जुनेपणाला नव्हती.

तिसरा धागा कराचा. २००१ सालीच ठरलं की कमी धुराच्या नव्या गाडीला करात सूट द्यायची आणि तो पैसा जुन्या गाडीकडून वसूल करायचा. पेट्रोलची गाडी तेरा वर्षांवर, डिझेलची अकरा वर्षांवर गेली की वार्षिक कर जास्त. आधी ही वाढ सुमारे १० टक्के होती, पुढे ती १५ टक्के झाली. माझा ३४,५०० चा कर ३९,६०० झाला तो असा. वजनकरही तेरा वर्षांनंतर चढतो आणि अठरा वर्षांनंतर आणखी एकदा चढतो. माझ्या गाडीला दोन वर्षांचे २४,६०० होते, ते आता ३४,२०० आहेत, पुढे ३७,८०० होतील. एकूण धरलं तर वयाचा दंड वर्षाला ९,९०० येन. १९९५ मध्ये समोरच्या दारानं बाहेर गेलेला जुन्या गाडीचा जाच सहा वर्षांनी मागच्या दारानं, हिरवा सदरा घालून परत आला.

आता गंमत बघा. एवढं करूनही जपानी माणूस गाडी जास्त काळ ठेवू लागला! सरासरी वापर सातवरून तेरा वर्षांच्या पुढे गेला आहे. गंजरोधक पत्रा आला, इंजिनं सुधारली, वार्षिक पासिंग गेलं आणि मुख्य म्हणजे तीस वर्षं लोकांचे पगार फारसे वाढले नाहीत. म्हणजे तेरा वर्षांची गाडी हे आता इथे जुनाट खोडाचं नव्हे, तर मध्यमवर्गीय घराचं लक्षण आहे. आणि दंड बसतो नेमका त्याच वयाला.

शेवटची एक ओळ माझ्या यादीत नाही, कारण ती एकदाच भरायची असते. गाडी मोडीत काढण्याची फी. त्यामागे तेशिमा नावाचं बेट आहे. कोबे-ओसाकाच्या पश्चिमेला आतल्या समुद्रातलं, ऑलिव्ह आणि भातशेतीचं बेट. मोटारी चिरडून लोखंड काढून घेतल्यावर जो गाद्या, प्लॅस्टिक, वायर, तेलाचा लगदा उरतो, तो कानसाई भागातून बोटीनं आणून तिथे वर्षानुवर्षं बेकायदा टाकला जात होता, जाळला जात होता. १९९० साली ह्योगो पोलिसांनी धाड टाकली तेव्हा ते बाहेर आलं. गावकरी लढले आणि २००० साली त्यांना न्याय मिळाला. कचरा उपसायला पुढे कित्येक वर्षं गेली. त्यानंतर २००२ साली कायदा झाला आणि २००५ पासून लागू झाला. गाडी घेतानाच तिच्या अंत्यसंस्काराचे पैसे आधी जमा करायचे. सेकंडहँड घेतली तर आधीच्या मालकाला ते देऊन आपण पुढचे धनी व्हायचं. मी तसे दिले आहेत. 'गाडी फेकून देतात' या वाक्यातलं ते 'फेकून' कुठे जाऊन पडायचं, याचं उत्तर तेशिमा आहे.

आता जरा आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात जुन्या गाडीची कहाणी बरोबर उलटी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघायची, तीच पुढे पद्मिनी झाली. पण परवाना राज्यात उत्पादन ठरलेलं आणि नंबर लागायला वर्षं. नवी मिळतच नाही म्हटल्यावर जुनी जगवायची. आमच्या बाबांची सेकंडहँड फियाट अशीच जगली. दर महिन्याला पॉइंट घासायचे, प्लग साफ करायचे, कार्बोरेटर उघडायचा. किंगपिन आणि बुश तर पाचवीला पुजलेले. पण मिस्त्रीचा दिवसाचा रोज कमी आणि कुर्ल्याला सीएसटी रोडवर हवा तो भाग जुन्यात मिळायचा. सरकारला एकदा रोड टॅक्स भरला की पंधरा वर्षं कुणी विचारत नसे. ना जागेचा दाखला, ना दर दोन वर्षांनी हातोडीवाला माणूस. खर्च सगळा यंत्रावर, कागदावर जवळपास शून्य. म्हणून आपली गाडी तीस वर्षं जगली आणि म्हणूनच तिच्या धुराचा हिशोब कुणी ठेवला नाही.

हे चित्र गेल्या काही वर्षांत बदललं. २०१० मध्ये महाराष्ट्रानं पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाड्यांना पर्यावरण कर लावला. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आली आणि ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. २०२१ साली केंद्राचं भंगार धोरण आलं. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्यांना १०,०००. दिल्लीत तर दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांच्या बंदीवर २०१८ साली सुप्रीम कोर्टानं शिक्कामोर्तब केलं. पुढे २०२५ मध्ये त्याच कोर्टानं केवळ वयावरून कारवाई करू नका, असा अंतरिम आदेश दिला. म्हणजे जपानात पन्नास वर्षांत जो वाद चालला तो आपल्याकडे आता पाच-दहा वर्षांत दाटीवाटीनं चालला आहे.

या वादात मला काय वाटतं ते सांगतो. निशियोदोगावा वाचल्यावर "माझी गाडी, माझी मर्जी" असं म्हणायची सोय राहत नाही. धूर दुसऱ्याच्या छातीत जातो. पण जपानच्या अनुभवातून उचलायचं तर नेयागावाची ती शेड आधी उचलावी, तेरा वर्षांचा दंड नव्हे. वय हा धुराचा फक्त अंदाज आहे. मी वर्षाला पाच हजार किलोमीटर चालवतो, धूर मोजून पास झालेला आहे, तरी मला दंड. शेजारचा दोन टनांची नवी कोरी एसयूव्ही घेऊन त्याच्या पाचपट फिरतो, त्याला दंड नाही. नळी सायलेन्सरमध्ये खुपसायची व्यवस्था हाताशी असताना जन्मतारखेवरून कर लावणं हा आळस आहे. इंजिनियर म्हणून मला तो खटकतो.

आपल्याकडे तर अडचण आणखी मोठी. साताऱ्याहून भाजी आणणाऱ्या जुन्या टेम्पोवाल्याला वयाचा दंड लावणं सोपं असतं, आकडा आरसी बुकात असतोच. त्याचे ब्रेक आणि धूर प्रामाणिकपणे मोजणारं केंद्र जिल्ह्याच्या गावी उभं करणं अवघड असतं. त्याला यंत्रं लागतात, माणसं लागतात आणि मधे एजंट नसावा लागतो. भंगार धोरणात स्वयंचलित तपासणी केंद्रांची तरतूद आहे. ती केंद्रं खरोखर उभी राहिली आणि तिथला निकाल विकत मिळेनासा झाला, तर वयाचा दंड लागणारच नाही. वाईट गाडी आपोआप बाद होईल आणि चांगली ठेवलेली जुनी गाडी राहील. ती केंद्रं नुसती कागदावर राहिली तर दंड तेवढा टेम्पोवाल्याच्या माथी येईल आणि धूर जिथल्या तिथे राहील.

माझ्या गाडीचं म्हणाल तर पुढच्या पासिंगला तिला दोन टायर आणि एका बाजूचं रबरी बूट लागेल, असं दिसतंय. गॅरेजवाले काका म्हणाले, "अजून दोन वर्षं सहज." वर्षाचे ९,९०० येन जास्त भरूनही नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा ती स्वस्तच पडते. तेव्हा काका-मामांनो, तूर्तास मी काही ती फेकत नाही.